वाढत जाणारं तेल

६ नोव्हेंबर

भाऊजी,

काल तुम्ही फोनवर एवढं बोललात, त्यातलं ‘वॉरंटी’ आणि ‘विकून टाका’ हे दोनच शब्द माझ्या डोक्यात राहिले. तुमची गाडी एकदा सुटली की मधल्या स्टेशनावर थांबत नाही. म्हणून आता लिहूनच पाठवा. कागद असला की मी दोनदा वाचीन आणि नाक्यावरच्या मिस्त्रींनाही दाखवीन.

प्रश्न साधा आहे. कंपनीचं कार्ड आलंय की इंजिनातल्या तेलाला वर्ष झालं, बदलून घ्या. मागचं तेल यांनी आजारी पडायच्या आधी स्वतः उभं राहून बदलून घेतलं होतं. फेब्रुवारीत हे गेले आणि तेव्हापासून गाडी शेडच्या बाहेर पडलेली नाही. मग न चाललेल्या गाडीचं तेल जुनं कसं होतं? मिस्त्रींनी तीन डबे पुढे ठेवले. तिन्हींवर आकडा एकच, पाच डब्ल्यू तीस. ते म्हणाले, कुठलंही घ्या ताई, सगळं तेलच. मला काही ते पटलं नाही.

आणि विकायचं पुन्हा काढू नका. वॉरंटीची दोन वर्षं शिल्लक आहेत. निदान तेवढा काळ गाडी ठणठणीत राहिली पाहिजे, बाकी मला काही नको.

वहिनी

११ नोव्हेंबर

वहिनी,

दिवसभर ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते’ असं लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही घरचं पत्र लिहायला लावलंत. वॉरंटीच्या टेबलावर बसून माझी भाषा पार गंजलीय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी तुमचे तीन डबे. तुम्ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवता, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगतो. पाच डब्ल्यू तीस म्हणजे फ्रेमचं माप. थंडीत तेल किती पातळ राहतं आणि तापल्यावर किती जाड, एवढंच त्यातून कळतं. फ्रेम नाकावर बसली म्हणून कुणी दुसऱ्याच्या नंबरची काच लावून हिंडत नाही. काचेचा नंबर म्हणजे तेलाचा दर्जा. दादाची गाडी डिझेलची, तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आहे. तिला जळल्यावर राख कमी करणारं तेलच लागतं, नाहीतर फिल्टर तुंबतो.

त्याच्याही वर कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असतो. तो गाडीच्या पुस्तकात मागच्या पानांवर सापडेल. डब्याच्या पाठीवर तोच क्रमांक शोधा आणि त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘योग्य’, ‘शिफारस’, ‘दर्जाची पूर्तता’ हे तेल विकणाऱ्याचे शब्द आहेत. ‘मंजूर’ असेल तरच कंपनीने ते तपासलेलं असतं. इंजिन बिघडून दावा आला की आमच्यासारखे लोक हाच शब्द शोधत बसतात आणि तो नसला की त्यांना फार आनंद होतो.

राहिला वर्षाचा प्रश्न. वर्ष किंवा किलोमीटर, जे आधी भरेल ते. तेल उभ्या उभ्याही म्हातारं होतं. आत ओलावा धरतो, आम्ल तयार होतं. बिल जपून ठेवा आणि पुस्तकात शिक्का मारून घ्या.

विकायचं मी काढत नाही. पण वहिनी, तुम्हाला चालवता येत नाही आणि चालवणारा राहिला नाही. गाडी शेडमध्ये ठेवून काय करणार, हे मला खरंच कळत नाही.

२० डिसेंबर

भाऊजी,

तुमचा कागद मिस्त्रींना वाचून दाखवला. दुकानातलं भिंग घेऊन मी तिन्ही डब्यांच्या पाठी वाचल्या. एकावर ‘शिफारस’, दुसऱ्यावर ‘पूर्तता’, आणि ‘मंजूर’ एकावरही नाही. मिस्त्री हसायला लागले, म्हणाले, “ताई, तेलाचा जन्मदाखला मागताय का?” तरी चार दिवसांनी शहरातून बरोबर डबा घेऊन आले. तेल बदललं, तेलाचा फिल्टर बदलला, बिल घेतलं, शिक्का मारून घेतला. तेलाची पातळी मोजायची पट्टी काढून त्यांनी मला दाखवली. तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली होतं.

आता तुम्ही हसाल. तीन आठवड्यांनी पट्टी पुसून पुन्हा बघितली, तर तेल वरच्या खुणेच्या वर. थेंबभर नाही, चांगलं बोटभर. गाडी तेल पिते असं ऐकलं होतं, आमची गाडी तेल देतेय. मिस्त्रींनी जास्तीचं काढून टाकलं आणि दहा दिवसांत ते परत चढलं. हे काय आहे?

२६ डिसेंबर

वहिनी,

उभ्या गाडीत तेल वाढत नाही. हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून लिहून देतो. ते कमी होईल, काळं होईल, गळेल, पण वाढणार नाही. गाय न विता दूध देईल, पण हे होणार नाही.

तेव्हा दोनच गोष्टी संभवतात. एक, तुमची पट्टी बघण्यात गफलत होते आहे. दोन, मिस्त्री तुमच्या मागे काहीतरी उद्योग करतो. शेडची किल्ली त्याच्याकडे असते असं तुम्हीच मागे बोलला होतात. महागाचं मंजूर तेल काढून घ्यायचं आणि दुसरं कसलंतरी ओतायचं, ही या धंद्यातली जुनी कला आहे. ओतताना माप चुकलं की असं होतं. एकट्या बाईची गाडी बघून त्याचा हात सैल सुटला असणार. त्याच्याकडून किल्ली परत घ्या आणि स्पष्ट विचारा. पायाखाली काय जळतंय ते बघायला आता दादा नाही.

९ जानेवारी

भाऊजी,

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. आणि सुळावर चढवायचं काम माझ्याकडून करून घेतलंत.

तुमचं पत्र मी मिस्त्रींना दाखवलं. स्वतः विचारायला जीभ रेटेना, म्हणून नुसतं पुढे धरलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, हात पुसले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. हे दवाखान्यात असताना दोन महिने हा माणूस मला डबा घेऊन सोडायला यायचा, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी कागद पुढे धरला. तेव्हापासून नाक्यावरून जाताना मी पलीकडच्या बाजूने जाते.

आणि माझ्या डोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत. दिवसभर काचेच्या कडा केसाच्या जाडीने घासणारी बाई मी, मला पट्टीवरची खूण दिसत नाही?

मिस्त्रींनी काही केलेलं नाही. केलं असेल तर मीच. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, कारण तुम्ही मला वेड्यात काढाल. आता काढा.

मी रोज सकाळी गाडी सुरू करते. शेडचं दार वर करून ठेवते, किल्ली फिरवते आणि पायरीवर चहा घेऊन बसते. चहा संपला की बंद करते आणि कामावर जाते. कुठे न्यायची नसते, मला येतही नाही. इतकी वर्षं मी आत साडी नेसत असायचे आणि हे बाहेर गाडी सुरू करून वाट बघायचे. इंजिनाचा तो आवाज झाला की मला कळायचं, आटपा आता. हे गेल्यावर घरात सगळ्या वस्तू तशाच राहिल्या, पण एकही वस्तू आवाज करत नाही. गाडी तेवढी करते. आवाज चालू असतो तोवर हे बाहेर उभे आहेत आणि मलाच उशीर झालाय असं वाटतं. बंद केल्यावर नाही वाटत, तेवढी मी शहाणी आहे.

म्हणून मला गाडी ठणठणीत हवी आहे. कळलं का आता?

१४ जानेवारी

वहिनी,

कळलं. तुम्हाला वेड्यात काढणारा मी कोण? मी कोरडा माणूस आहे, मला लवकर समजत नाही एवढंच.

मिस्त्रींना मी वेगळं पत्र टाकलंय, माफीचं. पत्ता माहीत नव्हता, ‘नाक्यावरचं गॅरेज’ असं लिहिलंय, पोचेल. साप म्हणून भुई धोपटली मी.

तेल वाढत नाहीये, वहिनी. ते डिझेल आहे. पट्टीचा वास घेऊन बघा. थंड इंजिन जाग्यावर थोडा वेळ चालवून बंद केलं की सगळं डिझेल जळत नाही. त्यातलं काही इंजिनाच्या आतल्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरतं. त्यात तो काजळीचा फिल्टर. तो साफ व्हायला नळी चांगली तापावी लागते, त्यासाठी गाडी आणखी डिझेल सोडते. पण तापायच्या आत तुमचा चहा संपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कितीही मंजूर तेल घाला, रोज त्यात डिझेल मिसळत गेलं तर ते पाण्यासारखं पातळ होणार. आतले भाग एकमेकांवर घासायला लागतील. आणि पातळी फार चढली तर त्याहून वाईट होतं, ते तुम्हाला सांगून घाबरवत नाही.

आता किल्ली लावू नका. एकदाही नाही. १६ फेब्रुवारीला दादाला वर्ष होतं, त्या दिवशी मी येतोच आहे. तेल पुन्हा बदलू आणि मी गाडी हमरस्त्याला नेऊन चांगली दोन-तीन तास पळवून आणतो. तुम्ही शेजारी बसा. नंतर दर रविवारी तिला कुणीतरी लांबवर नेलं की तुमचा रोजचा आवाजही जमेल. मार्ग निघेल. तेवढा महिना धीर धरा.

२० जानेवारी

भाऊजी,

वास घेतला. डिझेलच आहे. किल्ली कपाटात ठेवली. सकाळी चहा आता उभ्यानेच घेते. तुम्ही या म्हणजे झालं.

मिस्त्रींना पत्र मिळालं. काल त्यांनी लांबून हात केला.

१२ फेब्रुवारी

वहिनी,

सोळा तारखेला येणं जमत नाहीये. वर्षअखेर तोंडावर आली, टेबलावर दाव्यांचा ढीग पडलाय आणि साहेब रजेचं नाव काढू देत नाही. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या रविवारी नक्की, किंवा त्याच्या पुढच्या. तोवर गाडीला हात लावू नका, मी आहे.

२४ फेब्रुवारी

भाऊजी,

गाडी गेली.

सोळा तारखेला मी सुटी घेतली होती. सकाळी उठून बसले. तुम्ही येणार नव्हतात, दुसरं कुणी यायचं नव्हतं. घर इतकं गप्प होतं की मला माझा घोट गिळल्याचं ऐकू येत होतं. म्हटलं, महिनाभर पथ्य पाळलंय, आज एक दिवस. आज तरी बाहेर उभे राहू देत यांना.

गाडी नेहमीसारखीच सुरू झाली. मी पायरीवर टेकले, एवढ्यात आवाज चढायला लागला. कुणी पाय दाबून धरावा तसा, पण आत कुणीच नव्हतं. मी धावत जाऊन किल्ली फिरवली. काही उपयोग नाही. किल्ली काढून हातात घेतली. किल्ली माझ्या मुठीत आणि इंजिन किंचाळतंय, पांढऱ्या धुराने शेड भरलंय, मला समोरची भिंत दिसेना. मी ओरडत होते, थांबा, थांबा. कुणाला ते मला ठाऊक नाही.

मिस्त्री नाक्यावरून पळत आले. मला बाहेर ढकललं, बॉनेट उघडलं, ओलं पोतं हवेच्या पाइपच्या तोंडावर दाबून धरलं. “तेल वर चढून आत ओढलं गेलंय ताई. ती आता स्वतःचं तेल जाळतेय. श्वास कोंडल्याशिवाय थांबायची नाही.” मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दवाखान्यातला शेवटचा दिवस एकदा बघितला होता, तेवढा पुरे होता. मग मोठ्ठा खणकन आवाज झाला आणि सगळं थांबलं.

इंजिन जाम झालंय. मिस्त्रींनी पाना लावून फिरवून बघितलं, हलत नाही. त्यांच्या दोन्ही तळहातांना भाजलंय. तुमच्यावर माझा राग नाही. एवढंच लिहायचं होतं.

२८ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचून सुन्न झालो. बैल गेल्यावर झोपा करायला निघालोय, पण करू द्या.

वॉरंटी चालू आहे. तेल मंजूर आहे, बिल आहे, शिक्का आहे, सगळे कागद सरळ आहेत. मी तुमच्या भागातल्या ऑफिसात दावा दाखल केलाय. नवीन इंजिन बसू शकतं. पाहणीला माणूस येईल. त्याने विचारलं तर सांगा, गाडी वापरात होती, मिस्त्री कामावर सोडायचे. त्यापुढे एक अक्षर नको. रोज नुसती सुरू करून ठेवत होते, हे तर मुळीच नको. मी त्या टेबलावर बसतो, माझं ऐका. अति खरं बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

१९ मार्च

भाऊजी,

तुमचा माणूस परवा येऊन गेला. पन्नाशीचा असेल, जाड भिंगाचा चष्मा, एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेली. मी बसल्या जागी त्याला स्क्रू घालून दिला.

त्याने बिलं बघितली, शिक्का बघितला, डब्याची पाठ वाचली. म्हणाला, “इतके व्यवस्थित कागद मी फार दिवसांनी बघतोय.” मला जरा बरं वाटलं. मग त्याने गाडीला वायर जोडून आपला कॉम्प्युटर उघडला आणि बराच वेळ बघत राहिला. इंजिन किती वेळा सुरू झालं ते गाडीत लिहिलेलं असतं म्हणे, आणि गाडी किती चालली तेही. पहिला आकडा मोठा आणि दुसरा वर्षभर जागचा हललेला नाही. त्याने विचारलं, “बाई, तुम्ही रोज सकाळी कुठे निघत होता?”

मी म्हटलं, कुठेच नाही. भाऊजी, मिस्त्रींचं नाव मी पुन्हा खोट्यात ओढणार नव्हते. त्याने विचारलं, मग कशासाठी? तेही सांगितलं. चहाचं, आवाजाचं, सगळं. त्याने ऐकून घेतलं, कॉम्प्युटर मिटला आणि पाणी मागितलं.

आज कागद आला. दावा नामंजूर. कारण: निगा राखण्यात हलगर्जी.

इंजिन नको मला. नवं बसवलं असतं तर त्याचा आवाजही नवाच आला असता. पण हा शब्द मला झोंबलाय. भाऊजी, गेल्या वर्षात मी केस नीट विंचरले नाहीत, घरातले दिवे बदलले नाहीत, माझं औषध चार-चार दिवस विसरले. या जगात एकाच गोष्टीची मी निगा राखली. भिंग घेऊन तेल निवडलं. आणि निगा राखूनच तिला मारलं. आता रात्रंदिवस मला दुसरंच वाटतं. खोकला होता तेव्हा मी यांना बाहेर पडू दिलं नाही, पांघरूण घालून निजवून ठेवलं, म्हटलं आराम पडेल. तेव्हाच ओढत डॉक्टरकडे न्यायला हवं होतं का? तुम्ही कोरडे आहात म्हणता ना, मग कोरडेपणाने सांगा.

२३ मार्च

वहिनी,

कोरडेपणाने सांगतो. दादाला तुम्ही निजवून ठेवलंत, त्याच्या आधी महिनाभर मी त्याला फोनवर तपासून घे म्हणत होतो आणि तो मला उडवून लावत होता. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की हे वर्षभरापूर्वी कळलं असतं तरी हाती फारसं काही नव्हतं. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. पांघरुणाने दादा गेला नाही. हा प्रश्न पुन्हा मनात आणू नका. आला, तर हा कागद काढून वाचा.

आता माझं. सोळा तारखेला साहेबाने रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती. दादाच्या सीटवर बसून त्याची गाडी हमरस्त्याला न्यायची, शेजारी तुम्ही, या विचाराने रजेचा अर्ज लिहून मी खणातच टाकून दिला. महिनाभर मी तुम्हाला धीर धरा म्हणत होतो आणि माझ्यात एका दिवसाचा नव्हता. आलो असतो तर गाडी वाचली असती. हलगर्जी कुणाची, हे मला माहीत आहे.

त्या शब्दाचं सांगतो. नामंजुरीच्या फॉर्मवर तीनच चौकटी छापलेल्या असतात. चुकीचं तेल, बाहेरची दुरुस्ती, आणि निगा राखण्यात हलगर्जी. चौथी नाही. पहिल्या दोन बसल्या नाहीत की माणूस तिसरीवर खूण करतो. मीही दिवसभर करतो, आणि ती बघून पलीकडच्या घरात काय होत असेल याचा विचार आजवर केला नव्हता.

तुमच्या दाव्याची ऑफिसातली प्रत मी काल मागवून घेतली. चौकटींच्या खाली ‘पाहणी करणाऱ्याचा शेरा’ असा एक रकाना असतो. तो कुणी भरत नाही, तो मोकळाच येतो. तुमच्या प्रतीवर त्याने पेनाने लिहिलंय: ‘ग्राहक दररोज गाडी सुरू करत असत. कारण विचारले. खरे आहे. यासाठी चौकट नाही.’

शनिवारी येतोय. बस संध्याकाळी पोचते. गाडीचं नंतर बघू.